आधी बघू द्या, मग सांगा: जुन्या फोटोंतून मुलांसाठी इतिहास लिहिताना

मुलांसाठी इतिहास लिहायला बसलेले बहुतेक जण आधी मजकूर पुरा करतात आणि मग त्यात बसेल असा एखादा फोटो शोधतात. असा फोटो पानाची शोभा वाढवतो, पण त्याच्याकडे कुणी थांबून बघत नाही. मुलं तर नाहीच नाही. या लेखात उलटा क्रम सांगितला आहे. आधी फोटो, मग त्याच्याकडे निवांत बघणं, मग त्याची चौकशी आणि सगळ्यात शेवटी लिहिणं. वर्गात इतिहास शिकवणारे शिक्षक, मुलांच्या अंकासाठी पहिल्यांदाच लिहिणारे लेखक आणि घरातला जुना अल्बम मुलांपुढे उघडू पाहणारे पालक, अशा सगळ्यांना ही वाट चालेल.

सुरू करण्याआधी एक मर्यादा लक्षात असू द्या. दागेर या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली जगापुढे आली. त्याआधीचे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे फोटोंच्या आधारे सांगता येणारा इतिहास फार तर गेल्या दोनशे वर्षांचा. त्याआधी वारलेल्या कुणाचा 'अस्सल फोटो' तुमच्यापर्यंत आला, तर ते चित्र तरी असणार किंवा बनावट तरी. ही एवढी साधी तारखेची चाळणीसुद्धा पुष्कळ कचरा बाजूला काढते.

पहिली पायरी: थोडे फोटो निवडा, शक्यतो एकच

अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेलं शॅकल्टनचं 'एन्ड्युअरन्स' हे जहाज १९१५ साली बर्फात अडकून चिरडलं गेलं. मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याच्याजवळ काचेच्या शेकडो निगेटिव्ह होत्या आणि एवढं ओझं बर्फावरून ओढत नेणं शक्य नव्हतं. शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले आणि त्यांनी एकेक काच पाहून निवड केली. सुमारे १२० ठेवल्या, ४०० च्या आसपास फोडून टाकल्या. फोडल्या त्या अशासाठी की पुढे मन बदललं तरी परत उचलता येऊ नयेत.

तुमच्यावर तशी वेळ येणार नाही. तुमची अडचण नेमकी उलटी आहे, कारण कोणताही विषय संगणकावर टाकला की पाचशे फोटो समोर येतात. नवशिक्या लेखकाला त्यातले बारा सोडवत नाहीत आणि पान लग्नाच्या अल्बमसारखं दिसू लागतं. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी एका प्रकरणाला एक मोठा फोटो पुरतो. फार तर त्याच्याच एखाद्या कोपऱ्याचं मोठं केलेलं चित्र सोबत द्या.

कोणता फोटो चांगला? माझा कौल नेहमी अशा फोटोला, ज्यात कुणीतरी काहीतरी करतंय. खुर्चीत ताठ बसलेल्या थोर पुरुषाचं व्यक्तिचित्र सगळ्यात सहज मिळतं आणि मुलांना सगळ्यात कमी धरून ठेवतं. काम करणारे हात, रस्त्यावरची गर्दी, वर्गातली मुलं, यंत्राशेजारी उभा असलेला माणूस, हे पाहा. फोटोत वाचकाच्या वयाचं मूल असेल तर उत्तमच. त्याहून उत्तम म्हणजे फोटोत एखादी न उलगडणारी गोष्ट असणं. हा माणूस पळतोय का? या बाईनं हातात काय धरलंय? असं कोडं असलेला थोडा धूसर फोटोसुद्धा स्वच्छ पण मुक्या फोटोपेक्षा जास्त कामाचा.

मृतदेह, फाशी, उपासमारीनं खंगलेली शरीरं असे फोटो लहान मुलांसाठी घेऊ नका. कारण फक्त भीतीचं नाही. धक्का बसला की बघणं थांबतं आणि आपल्याला तर बघायला शिकवायचंय. तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या वाचकांसाठी काही वेळा असा फोटो आवश्यक ठरतो. तेव्हा आधी कल्पना द्या आणि मगच पान उलटायला लावा.

दुसरी पायरी: माहिती न वाचता बघा

फोटोखालची ओळ कागदानं झाका. ही लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे आणि ती आधी तुमच्यासाठी आहे. ओळ वाचली की डोळे आळशी होतात. जे वाचलं तेवढंच त्यांना दिसतं.

आता फोटोचे चार भाग करा. तीन भाग झाकून एकच उघडा ठेवा आणि दिसेल ते लिहून काढा, मग पुढचा भाग. कागदावर तीन रकाने आखा: 'दिसतं', 'वाटतं' आणि 'विचारायचंय'. 'मुलीच्या पायात काही नाही' हे पहिल्या रकान्यात जाईल. 'ती गरीब असावी' हे दुसऱ्यात. 'तिथं सगळेच अनवाणी काम करायचे का, आणि का?' हे तिसऱ्यात. या तीन गोष्टींची सरमिसळ हा इतिहास लिहिण्यातला सगळ्यात जुना रोग आहे. मोठ्या माणसांनाही तो जडतो, म्हणून मुलांना ही सवय लवकर लागलेली बरी.

सरावाला दोन फोटो सुचवतो. पहिला पॅरिसच्या बुलवार द्यू ताँप्ल या रस्त्याचा, दागेरनं साधारण १८३८ साली वरच्या मजल्यावरून काढलेला. गजबजलेला रस्ता, पण फोटोत तो ओस पडलेला दिसतो. मुलांना विचारा, माणसं कुठे गेली? कुणी म्हणेल पहाट असेल, कुणी म्हणेल साथ आली असेल. मग त्यांना डावीकडचा खालचा कोपरा शोधायला सांगा. तिथे एक माणूस एक पाय वर ठेवून उभा आहे, बहुधा बूट पॉलिश करून घेतोय. छायाचित्रात टिपला गेलेला पहिला माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. उत्तर कॅमेऱ्यात आहे. प्रकाश टिपायला तेव्हा मिनिटंच्या मिनिटं लागत. जे चालत होते, ज्या घोडागाड्या धावत होत्या, त्यांचा काही मागमूस उरला नाही. जो थांबला तोच उरला. वर्गात या एका फोटोवर तास संपतो, आणि 'फोटो खोटं बोलत नाही' या समजुतीला पहिला तडा जातो तो वेगळाच.

दुसरा फोटो १९२७ सालच्या सोल्वे परिषदेचा. ब्रुसेल्सला जमलेले २९ शास्त्रज्ञ, आइन्स्टाइन पुढच्या रांगेत मधोमध. इथे मोजायला लावा. यातल्या १७ जणांना नोबेल मिळालं, काहींना परिषदेआधी, काहींना नंतर. मग विचारा, यात बायका किती? एकच, मारी क्युरी. आणि फोटो काढला तेव्हा दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांतली नोबेल पारितोषिकं तिच्या नावावर होती, १९०३ आणि १९११ ची. फोटोत कोण आहे याइतकाच फोटोत कोण नाही हा प्रश्नही महत्त्वाचा असतो, आणि तो मोजणीतून आला की मुलांना उपदेश वाटत नाही.

तिसरी पायरी: फोटोची चौकशी करा

आता झाकलेली ओळ उघडा. पण तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. कुणी काढला, केव्हा, कुठे, कुणाच्या पैशानं, आणि ही ओळ कुणी कधी लिहिली? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

आनंदीबाई जोशींचा एक फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी, भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तारीख १० ऑक्टोबर १८८५. फोटोखाली तिघींच्या नावाआधी 'डॉ.' छापलेलं आहे. पण आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये आणि उरलेल्या दोघींना तर त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे फोटो एका वेळचा, ओळ नंतरची. खोटं कुणी बोललेलं नाही, तरी ओळीच्या भरवशावर 'तीन महिला डॉक्टर, १८८५' असं लिहिलंत तर चूक तुमच्या माथी येईल. हा उलगडा मुलांकडून करून घ्या. पदवीची सालं त्यांना द्या आणि घोळ कुठे आहे ते त्यांनाच शोधू द्या.

पडताळणीसाठी इंटरनेटच्या जाळ्यावर चित्र टाकून शोध घेण्याची सोय वापरा. एकच फोटो पाच ठिकाणी पाच वेगवेगळ्या गावांच्या नावानं फिरताना सापडेल. तेव्हा बहुमत पाहू नका. मूळ प्रत कुठल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा अभिलेखागारात आहे ते शोधा आणि तिथली नोंद वाचा. मूळ प्रतीचा पत्ताच लागत नसेल तर तो फोटो सोडून द्या, कितीही सुंदर असला तरी. संगणकानं तयार केलेली 'जुन्या काळची' चित्रं आता इतकी सफाईदार असतात की डोळ्यांवर विसंबण्याचे दिवस गेले. नोंद नाही तर फोटो नाही, एवढा कडक नियम ठेवला तरच निभाव लागेल.

संगणक येण्याआधीही लबाडी होत होतीच. क्रिमियाच्या युद्धात १८५५ साली रॉजर फेंटननं एका दरीतल्या रस्त्याचे दोन फोटो काढले. एकात तोफगोळे रस्त्याकडेला पडलेले आहेत, दुसऱ्यात ते रस्त्यावरही विखुरलेले आहेत. जागा तीच, कॅमेराही जवळजवळ हललेला नाही. आधीचा कोणता, यावर पुष्कळ वाद झाला. अनेक अभ्यासकांचं मत असं की गोळे नंतर रस्त्यावर आणून ठेवले गेले असावेत. दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापा आणि दुसरं काही न सांगता 'यातला पहिला कोणता?' एवढंच विचारा. मुलं सावल्या पाहतील, लहान दगड सरकलेत का पाहतील, आपसांत भांडतील. वाद मिटला नाही तरी हरकत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी मॉस्कोच्या कालव्याकाठचा स्टालिनचा फोटो आहे. १९३७ सालच्या मूळ फोटोत त्याच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह चालतोय. येझोव्ह मर्जीतून उतरला, १९४० मध्ये त्याला गोळी घातली गेली आणि नंतरच्या प्रतींतून तो नाहीसा झाला. तो होता तिथे आता कालव्याचं पाणी दिसतं. हुकूमशाही म्हणजे काय हे सांगायला तीन पानं लागतात. हे दोन फोटो अर्ध्या मिनिटात विषयाला हात घालतात.

घरच्या अल्बममधला फोटो असेल तर चौकशी मागच्या बाजूपासून सुरू करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलनं लिहिलेलं नाव, डिंकानं चिकटलेला काळा कागद, सगळं पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, साधारण अडीच बाय चार इंचांच्या छोट्या फोटोकार्डांची लाट आली होती. म्हणजे आकारावरूनही काळाचा अंदाज लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेक फोटो दाखवून बोलतं करा आणि ते बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. फक्त एक काळजी घ्या. 'हा अमक्याच्या लग्नातला ना?' असं विचारू नका, 'हा कधीचा?' असं विचारा. आपण नाव पुरवलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो.

चौथी पायरी: कॅमेऱ्याच्या खोडी समजून घ्या

जुने फोटो पाहिल्यावर मुलं हमखास विचारतात, ही माणसं हसत का नाहीत? ठरलेलं उत्तर असं की खूप वेळ स्थिर बसावं लागायचं. ते अर्धंच खरं आहे. १८४० च्या आगेमागे ते लागू पडतं, पण पुढच्या दोन-तीन दशकांत वेळ काही सेकंदांवर आला तरी लोक गंभीरच राहिले. कारण फोटो काढून घेणं हा गंभीर प्रसंग होता, आणि रंगवलेल्या व्यक्तिचित्रांत प्रतिष्ठित माणसं दात दाखवत नसत. तोच शिरस्ता कॅमेऱ्यापुढे आला. तंत्र आणि रीत दोन्ही सांगा.

स्टुडिओत डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत. उभ्या माणसाच्या टाचांमागे त्या आधाराचा पाया कधी कधी दिसतो, मुलांना तो शोधायला लावा. जाळ्यावर असे फोटो 'मृतदेहाला उभं करून काढलेले' म्हणून फिरतात. ती निव्वळ भाकडकथा. तो आधार जिवंत माणसाची मान स्थिर ठेवण्यापुरता होता, मृताचं वजन तो पेलणारच नाही.

आणखी एक खोड म्हणजे रंगांची. सुरुवातीच्या काचांना निळा प्रकाश चटकन कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. म्हणून निळं आभाळ पांढरं फटक येतं, निळे डोळे भुतासारखे फिके दिसतात आणि लाल कपडा काळा दिसतो. 'त्या काळी लोक काळे कपडे घालत' असं लिहिण्याआधी हे आठवा.

पाचवी पायरी: लिहा, पण फोटोला बोलू द्या

आता लेखणी हातात घ्या. पहिलं वाक्य फोटोकडे बोट दाखवणारं हवं, आणि ते बोट एका छोट्या जागेवर हवं. एक उदाहरण करून पाहू. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉकजवळच्या वाळूवरून राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा उचललं गेलं तो फोटो. नेहमीचं लिखाण असं सुरू होतं:

'राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी मानवाचे उड्डाणाचे स्वप्न साकार केले. त्यांच्या अथक परिश्रमांना अखेर यश आले.'

यात चूक काही नाही. पण हे वाचताना फोटोची गरज भासत नाही. आता हे वाचा:

'उजवीकडच्या माणसाकडे बघ. धावता धावता आत्ताच थांबल्यासारखा तो उभा आहे. हा विल्बर. क्षणापूर्वी तो विमानाचा पंख धरून त्याच्याबरोबर पळत होता. त्याचा भाऊ ऑरव्हिल विमानात आहे, पण तो बसलेला नाही. नीट बघ, तो पालथा झोपलाय. खाली वाळूत पावलांचे ठसे दिसतात का? त्या दिवशी सकाळी इथे किती धावपळ झाली असेल ते त्यावरून ताड. हे उड्डाण १२ सेकंद टिकलं. तेवढ्या वेळात विमान १२० फूट गेलं. तू १२ सेकंदांत किती लांब पळतोस?'

मग पुढच्या परिच्छेदात फोटोच्या मागची गोष्ट येऊ द्या. हा फोटो जॉन डॅनियल्स नावाच्या माणसानं काढला. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या जवळच्या ठाण्यावर तो नोकरीला होता आणि त्यानं तोवर कॅमेरा वापरलेला नव्हता. ऑरव्हिलनं कॅमेरा तिपाईवर लावून रोख धरून दिला होता, डॅनियल्सनं फक्त रबरी फुगा दाबायचा होता. पुढे १९१३ च्या पुरात राइटांच्या काचा पाण्याखाली गेल्या आणि या निगेटिव्हचा एक कोपरा खराब झाला. छापील प्रतीतही तो तुटका कोपरा शोधता येतो. मुलांना हे फार आवडतं, कारण फोटो ही स्वतः एक वस्तू आहे, तिच्यावरही काळ गुजरलाय, हे त्यांना एकदम उमगतं.

वाक्यांबद्दल तीन गोष्टी सांगतो. मुलांना 'तू' म्हणा, 'बालमित्रांनो' म्हणू नका. एका परिच्छेदात एकच साल आलं तर ते लक्षात राहतं, चार आली तर एकही राहत नाही. आणि माहीत असलेलं व कल्पिलेलं यांच्यात क्रियापदानं फरक करा. 'दिसतो', 'नोंद आहे', 'असावा', 'असेल का?' ही चार साधनं तुमच्याकडे आहेत. 'त्या मुलीच्या मनात विचार आला' हे मात्र लिहू नका. तिच्या मनात काय आलं ते तुम्हाला ठाऊक नाही. कल्पना करायचीच असेल तर ते काम वाचकाकडे द्या: 'तिला आत्ता काय ऐकू येत असेल?' फोटोतले आवाज, वास, थंडी-उकाडा यांचा अंदाज बांधायला मुलं पटकन तयार होतात, आणि तो अंदाज आहे हे त्यांना पक्कं कळतं.

आकड्यांना शरीर द्या. लुईस हाइन हा शिक्षकी सोडून छायाचित्रकार झालेला माणूस. अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी १९०८ पासून तो गिरण्या, खाणी, शेतं पालथी घालत होता. मालक आत येऊ देत नसत, म्हणून कधी बायबल विकणारा तर कधी यंत्रांचे फोटो काढणारा होऊन तो शिरायचा. मुलांची उंची तो आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा आणि खिशात हात घालून, न बघता, टिपणं घ्यायचा. दक्षिण कॅरोलिनातल्या एका कापडगिरणीत नोव्हेंबर १९०८ मध्ये काढलेल्या त्याच्या फोटोच्या नोंदीत यंत्राशेजारच्या मुलीची उंची आहे, ४८ इंच, आणि ती सहा महिने काम करतेय असंही लिहिलंय. लेखात एवढंच सांगा: भिंतीवर चार फुटांवर खडूनं रेघ मार आणि तिच्याशेजारी उभा राहा. बालमजुरीवर दुसरं वाक्य लिहायची गरज पडत नाही. कायदा मात्र कधी आला ते सांगा, कारण मुलं विचारतातच: देशभर लागू होऊन टिकलेला अमेरिकी कायदा १९३८ सालचा. फोटो निघाला तेव्हा जी मुलं गिरणीत होती ती तोवर चाळिशीकडे झुकली होती.

फोटोओळ सगळ्यात शेवटी लिहा आणि तिच्यात फोटोत दिसणारी गोष्ट पुन्हा सांगू नका. 'कारखान्यात काम करणारी मुले' ही ओळ फुकट गेली. ठिकाण, साल, कुणी काढला आणि डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट, इतकं पुरे. वयानुसार मात्र फरक करा. सहा-सात वर्षांच्या वाचकाला ओळीत नुसता प्रश्न चालतो. बारा वर्षांच्या वाचकाला फोटो कशासाठी काढला होता हेही हवं.

फोटोतल्या माणसाची बाजू

हा भाग पायरी म्हणून सांगता येत नाही, तो सगळीकडे लागतो. डोरोथिया लँगनं मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढलेला 'स्थलांतरित आई' हा फोटो महामंदीच्या प्रत्येक धड्यात असतो. सरकारी कामावर असलेल्या लँगनं त्या बाईचं नाव टिपलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळलं ते १९७८ मध्ये. तेव्हा तिनं सांगितलं की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, आणि त्याचा एक पैसाही तिला मिळालेला नाही. फोटोच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर तिचा अंगठा दिसत होता, तोही पुढे निगेटिव्हमध्ये पुसट करण्यात आला. ही हकिगत सांगितली की दहा वर्षांचं मूलसुद्धा विचारतं, मग हा फोटो वापरायचा की नाही? मी म्हणेन वापरायचा, पण तिच्या नावासकट आणि तिच्या नाराजीसकट.

वसाहतीच्या काळातले पुष्कळ फोटो तर मोजमापासाठी काढले गेले. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. त्यांत माणसं बहुतांशी नमुना म्हणून येतात, जातीजमातीच्या नावाखाली. असा फोटो घेतलात तर कॅमेऱ्यामागे कोण उभं होतं ते आधी सांगा. आनंदीबाईंच्या फोटोशेजारी त्यातलं एक पान ठेवून 'यात कुणाला नाव आहे?' एवढं विचारलं तरी फरक डोळ्यांपुढे येतो.

रंग, हक्क आणि प्रत

जुन्या फोटोंना रंग चढवण्याची टूम आहे. मुलांना ते आवडतं, म्हणून मोह होतो. पण साडीचा, गणवेशाचा, भिंतीचा रंग संगणक अंदाजानं भरतो आणि वाचकाला तो पुरावा वाटतो. माझं मत विरोधातच आहे. वापरायचाच असेल तर मूळ फोटो मोठा आणि रंगीत प्रत लहान ठेवा आणि 'रंग नंतर भरलेले' असं तिथेच लिहा. अस्सल जुने रंग हवे असतील तर प्रोकुदिन-गोर्स्कीचे रशियातले फोटो बघा, साधारण १९०९ ते १९१५ मधले. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून तो एकामागून एक तीन फोटो घ्यायचा. मधल्या क्षणात जे हललं, वाहतं पाणी किंवा चुळबुळणारं मूल, त्याच्या कडांना रंगीत झालर दिसते. रंग खरे असल्याची ती खूण.

फोटो जुना आहे म्हणजे तो मोफत आहे असं धरू नका. मुदती देशोदेशी वेगळ्या असतात आणि काही ठिकाणी छायाचित्रकाराच्या मृत्यूच्या सालावरून मोजल्या जातात. मोठी सार्वजनिक संग्रहालयं प्रत्येक फोटोच्या नोंदीत वापराच्या अटी लिहितात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हाइन, लँग, राइट बंधू आणि प्रोकुदिन-गोर्स्की या सगळ्यांचे फोटो मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. अटींची नोंद तारखेसह जपून ठेवा, आणि छापताना छायाचित्रकार व संग्रह दोघांचं नाव द्या.

छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू धरतात, म्हणजे सहा इंच रुंद छापायचा फोटो १८०० बिंदू रुंद हवा. घरचा छोटा फोटो ६०० वर स्कॅन करा, पुढून आणि मागून, आणि कडा कापू नका. फाटलेला कोपरा, डाग, मागची अक्षरं राहू द्या. फोटोच्या मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

शेवटची पायरी: मुलांवर तपासा

मसुदा झाला की दोन-तीन मुलांना द्या आणि गप्प बसा. समजावून सांगायचा मोह आवरा, कारण पुस्तक वाचणाऱ्या मुलाशेजारी तुम्ही नसणार. वाचताना त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा. मजकुरातून नजर फोटोकडे जाते, पुन्हा मजकुराकडे येते, पुन्हा फोटोकडे जाते, असं होत असेल तर लिखाण जमलं. ज्या परिच्छेदात नजर एकदाही वर गेली नाही तो लहान करा किंवा काढून टाका. वाचून झाल्यावर 'आवडलं का?' विचारू नका, मुलं भिडेखातर हो म्हणतात. फोटो झाका आणि त्यात काय काय होतं ते सांगायला सांगा. नंतर त्यांना पडलेले प्रश्न लिहून घ्या. ज्यांची उत्तरं तुमच्याकडे आहेत ती मजकुरात घाला. ज्यांची नाहीत त्यांतला एखादा चांगला प्रश्न लेखाच्या शेवटी तसाच छापा, त्या मुलाच्या शब्दांत, आणि खाली उत्तर लिहू नका.